नजर ठेवण्याची जागा : ओस्लोबच्या समुद्राची दोनशे वर्षं

आजचं गाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवर पाहिलेलं असणार, फक्त त्याचं नाव ठाऊक नसेल. निळंशार पाणी आहे, एक अरुंद वल्ह्याची होडी आहे, आणि होडीशेजारी पाण्यात एक अवाढव्य मासा जवळजवळ उभा राहिलेला आहे. तोंड उघडं, अंगावर पांढरे ठिपके. होडीतला माणूस मूठमूठभर काहीतरी त्या तोंडासमोर टाकतोय. आजूबाजूला केशरी जॅकेट घातलेले पर्यटक तरंगताहेत. हे चित्र फिलिपिन्समधल्या सेबू बेटाच्या दक्षिण टोकाकडचं. नगरपालिकेचं नाव ओस्लोब. मासा म्हणजे व्हेल शार्क.

नावात व्हेल असलं तरी हा देवमासा नाही. हा मासाच आहे, मुशीच्या कुळातला, आणि जगातला सगळ्यात मोठा मासा आहे. अठरा मीटरपर्यंत वाढू शकतो. खातो मात्र प्लवक, माशांची अंडी, बारीक कोळंबी असलं काहीतरी, पाणी गाळून. माणसाला त्याच्यापासून काहीही भीती नाही. त्याला माणसापासून किती आहे, हा आजच्या व्याख्यानातला एक भाग.

पण मी इतिहासाचा माणूस. मला या चित्रात सगळ्यात जास्त रस आहे तो मागच्या किनाऱ्यात. ज्या वस्तीसमोर हे चालतं तिचं नाव तान-अवान. सेबुआनो भाषेत ‘तान-आउ’ म्हणजे पाहणं, आणि ‘तान-अवान’ म्हणजे जिथून पाहायचं ती जागा. नजर ठेवण्याची जागा म्हणा. आज तिथून लोक मासे बघतात. पण या सगळ्या किनाऱ्यावर दोनशे वर्षांपूर्वी लोक समुद्राकडे बघत होते ते वेगळ्याच कारणासाठी, आणि ते कारण कळल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळत नाही असं माझं मत आहे.

ओस्लोबला गेलात तर समुद्राकाठी एक जुनं चर्च दिसेल, प्रवाळाच्या दगडांचं. बांधकाम १८३० साली सुरू झालं आणि १८४८ साली पुरं झालं. त्याच्याजवळ एक अर्धवट राहिलेली इमारत आहे, तिला कुआर्तेल म्हणतात. सैनिकांसाठी स्पॅनिश सरकारने बांधायला घेतली, तेवढ्यात अमेरिकन आले, राज्य बदललं आणि काम तिथेच थांबलं. आज तिला छप्पर नाही, नुसत्या कमानी आहेत. आणि तिसरी गोष्ट म्हणजे टेहळणीचे बुरूज. ओस्लोबमध्ये आहेत, शेजारच्या बोल्होऑनमध्ये आहेत, समोरच्या सुमिलोन बेटावरही आहे. दक्षिण सेबूच्या किनाऱ्यावर अशी बुरुजांची रांगच होती. एकावरून दुसरा दिसायचा. दिवसा निशाणं, रात्री आग. शत्रूच्या होड्या दिसल्या की इशारा गावागावाने पुढे जायचा.

ही रांग उभी केली ती हुलियान बेर्मेहो नावाच्या ऑगस्टिनियन पाद्र्याने, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बोल्होऑनचा हा धर्मगुरू. लोक त्याला ‘एल पाद्रे कापितान’, म्हणजे कप्तान पाद्री म्हणायचे. त्याने नुसते बुरूज बांधले नाहीत, गावकऱ्यांच्या होड्यांचं आरमार उभं केलं. १८१३ साली सुमिलोनजवळच्या समुद्रात या आरमाराची आणि हल्लेखोरांची लढाई झाली आणि तीत सेबूचे लोक जिंकले.

हे हल्लेखोर कोण? दक्षिणेकडचे इरानुन आणि बालांगिंगी दर्यावर्दी, सुलूच्या सुलतानाच्या छत्राखालचे. स्पॅनिश कागदपत्रांत त्यांना सरसकट ‘मोरो चाचे’ म्हटलंय, आणि गोष्ट धर्मयुद्धाची म्हणून रंगवलीय. जेम्स वॉरन या इतिहासकाराने १९८१ साली ‘द सुलू झोन’ हे पुस्तक लिहून या कहाणीची मांडणीच बदलली. त्याने विचारलं, यांना इतकी माणसं पळवून न्यायची गरज का पडत होती? उत्तर मिळालं चहात.

आता चहा इथे कुठून आला? अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडला चिनी चहाचं वेड लागलं. चीनला मात्र इंग्लंडच्या मालात रस नव्हता. मग चीनला हवं असलेलं काहीतरी कँटनला नेऊन चहा मिळवायचा. ते काहीतरी म्हणजे भारतातून जाणारा कापूस आणि अफू. आपल्या मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे व्यापारी मोठे झाले ते याच व्यापारावर. आणि दुसरीकडे, सुलूच्या समुद्रातून जाणारा माल: मोत्यांचे शिंपले, वाळवलेली समुद्रकाकडी, पाकोळ्यांची घरटी. समुद्रकाकडी चिनी जेवणातली चैन. ती उथळ पाण्यातून गोळा करायची, उकळायची, वाळवायची, यासाठी माणसं लागत, हजारोंनी. ती माणसं कुठून आणायची, तर सेबू, बोहोल, बिकोल अशा किनाऱ्यांवरून उचलून. वॉरनचा अंदाज असा की १७७० ते १८७० या शंभर वर्षांत दोन ते तीन लाख माणसं अशी पळवून सुलूला नेली गेली. १८४८ साली स्पॅनिशांनी वाफेवर चालणारी जहाजं आणून बालांगिंगीचे किल्ले पाडले, तेव्हा या हल्ल्यांचा जोर ओसरू लागला.

म्हणजे बघा, ओस्लोबच्या मच्छीमाराने बुरुजावर बसून रात्र जागून काढली, त्याच्या मुळाशी लंडनमधला चहाचा पेला होता. त्याला हे कधीच कळलं नसणार. मी हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण पुढे दीडशे वर्षं या किनाऱ्यावर हेच होत राहतं. दूर कुठेतरी कुणालातरी काहीतरी हवं असतं, आणि इथला समुद्र बदलतो.

मधला काळ भराभर ओलांडतो. अमेरिकन राज्य, जपानी ताबा, १९४६चं स्वातंत्र्य. या काळात दक्षिण सेबूतून एक वेगळीच मागणी पुरी होत होती, ती म्हणजे मुरो-आमीची. ही मासेमारीची पद्धत ओकिनावाच्या मच्छीमारांनी आणली. प्रवाळाच्या खडकांवर मोठं जाळं लावायचं, आणि पोहणाऱ्या मुलांची रांग दोरीला दगड बांधून ते खडकांवर आपटत आपटत पुढे न्यायची. मासे घाबरून जाळ्यात शिरतात. प्रवाळाचा चुरा होतो तो वेगळाच. या जहाजांवर मुलं भरती व्हायची ती बरीचशी दक्षिण सेबूच्या गावांतून. १९८६ साली सरकारने मुरो-आमीवर बंदी घातली. ही पद्धत लक्षात ठेवा, ती आता लगेच परत येणार आहे.

१९७४. फिलिपिन्समध्ये मार्कोसची लष्करी राजवट. ओस्लोबसमोरच्या सुमिलोन बेटाभोवती सुमारे अर्धा चौरस किलोमीटर प्रवाळाचं पाणी आहे. समुद्रापलीकडे, नेग्रोस बेटावरच्या दुमागेते शहरात सिलिमान विद्यापीठ. तिथले जीवशास्त्रज्ञ आंखेल अल्काला यांनी ओस्लोब नगरपालिकेशी करार करून या प्रवाळाचा साधारण पाव हिस्सा मासेमारीला बंद केला. देशातल्या पहिल्या सागरी राखीव क्षेत्रांपैकी हे एक. उरलेल्या तीन हिश्श्यांत मच्छीमार नेहमीसारखे मासे धरत राहिले, बांबूचे सापळे, गळ, जाळी लावून, आणि विद्यापीठाचे लोक रोज किती मासे निघतात ते मोजत राहिले.

वर्षामागून वर्षं मोजलं. पाव हिस्सा बंद असूनही बाकीच्या पाण्यात मासळी चांगली मिळत होती. मग १९८४ साली गावातलं राजकारण फिरलं. नगरपालिकेने हात काढून घेतला, पहारा उठला आणि राखीव पाव हिश्शात सगळे घुसले. मुरो-आमी आली, स्फोटकं आली. आता साधं गणित काय सांगतं? आधी तीन चतुर्थांश पाण्यात मासेमारी होती, आता पूर्ण पाण्यात. म्हणजे मासे जास्त मिळायला हवेत. विद्यापीठाने पुन्हा मोजलं. अल्काला आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ गॅरी रस यांनी १९९० साली ते आकडे छापले. जास्त पाण्यातून मासळी निघाली ती आधीच्या जवळजवळ निम्मी.

हा प्रयोग कुणी ठरवून केला नव्हता. कुणी करूही शकला नसता, कारण राखीव क्षेत्र मोडून बघू काय होतं ते, असं कुठला शास्त्रज्ञ म्हणेल? ओस्लोबच्या राजकारणाने तो करून दिला. राखलेल्या भागातले मासे बाहेरच्या पाण्यात येऊन मच्छीमाराच्या जाळ्यात पडतात, हे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिकवलं जातं, त्याचा एक मोठा पुरावा सुमिलोन आहे. अल्काला पुढे देशाचे पर्यावरणमंत्री झाले, १९९२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला.

पण मला इतिहास म्हणून रस आहे तो ‘का मोडलं’ यात. सुमिलोनवर पहारा होता तो विद्यापीठाचा. फायदा मच्छीमारांना होत होता, पण हा फायदा आपल्या निर्णयाचा आहे असं त्यांना वाटत नव्हतं, आणि समुद्र दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात गेल्यासारखा होता. पुढे अल्कालांनी जवळच्याच आपो बेटावर राखीव क्षेत्र उभारलं तेव्हा राखण गावाच्याच हातात दिली. ते अजून टिकून आहे.

आता कायद्याकडे येऊ. थोडा कोरडा भाग आहे, पण दोन मिनिटं सहन करा. मार्कोसच्या १९७५च्या हुकुमाप्रमाणे किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपर्यंतचं पाणी नगरपालिकेचं, आणि त्यातही शेवटचा शब्द मनिलाचा. १९८६ साली मार्कोस गेला. नव्या राज्यघटनेत स्थानिक स्वायत्ततेचं वचन आलं, आणि १९९१ साली सिनेटर आकिलिनो पिमेंतेल यांच्या पुढाकाराने स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. त्यात नगरपालिकेचं पाणी किनाऱ्यापासून पंधरा किलोमीटर झालं, आणि तिथे मासेमारीचे परवाने, शुल्क, नियम ठरवायचे अधिकार नगरपालिकेला मिळाले. इथे ‘म्युनिसिपालिटी’ म्हणजे आपल्याकडची शहरातली नगरपालिका समजू नका. एक गाव आणि त्याभोवतीच्या वाड्या, ज्यांना बारांगाय म्हणतात, असा तो घटक आहे. ओस्लोबची लोकसंख्या साधारण तीस हजार. तीस हजारांच्या गावाला पंधरा किलोमीटर समुद्र! आपल्या महाराष्ट्रात सागरी मासेमारीचं नियमन राज्य सरकार करतं, १९८१च्या कायद्याने. मालवण काय, श्रीवर्धन काय, तिथल्या स्थानिक संस्थेला असा अधिकार नाही. फरक लक्षात यावा म्हणून सांगितलं.

आता आपला मासा. ओस्लोब ज्या समुद्राच्या काठावर आहे त्याला बोहोल समुद्र म्हणतात. त्याच समुद्रात पामिलाकान नावाचं छोटं बेट आहे. बेटाचं नावच शिकारीच्या एका मोठ्या आकड्यावरून पडलं, असं सांगतात. पामिलाकानचे शिकारी हातात आकडा घेऊन होडीतून थेट माशाच्या पाठीवर उडी मारायचे. पूर्वी देवमासे, मांटा, व्हेल शार्क अधूनमधून मारायचे, मांस गावात आणि आसपास खपायचं. १९९०च्या सुमारास तैवानचे खरेदीदार आले. तैवानमध्ये व्हेल शार्कच्या मऊ, पांढऱ्या मांसाला ‘टोफू शार्क’ म्हणून मागणी होती, आणि तिकडच्या समुद्रातला मासा कमी होत चालला होता. बोहोल समुद्राच्या काठी एका होडीचा वर्षाचा हिशेब एका माशावर बदलू लागला. १९९० ते १९९७ या काळात तिथल्या मोजक्या गावांतच सहाशेहून अधिक व्हेल शार्क मारले गेले. आणि होडीमागे मिळणारे मासे झपाट्याने घटत गेले. दूरची मागणी, इथला समुद्र. चहा जाऊन टोफू आला, एवढंच.

१९९८ साली बंदी आली, आणि तिला निमित्त झालं दुसऱ्याच गावाचं. लुझॉन बेटाच्या दक्षिण टोकाला, सोर्सोगोन प्रांतात दोन्सोल नावाची नगरपालिका आहे. तिथे या माशाला बुतांदिंग म्हणतात. तिथले लोक त्याची शिकार करत नव्हते, त्याच्या फार वाटेलाही जात नव्हते. १९९८च्या सुरुवातीला काही हौशी पाणबुड्यांनी तिथे व्हेल शार्कचं चित्रीकरण केलं, बातमी झाली, आणि बातमीबरोबर बाहेरचे शिकारीही पोचले. काही मासे मारले गेले. त्यावरून देशभर आरडाओरडा झाला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारने आदेश काढून व्हेल शार्क आणि मांटा धरणं, विकणं, बाळगणं, निर्यात करणं यावर बंदी घातली. दोन्सोलने आपल्या पंधरा किलोमीटरचा उपयोग करून स्वतःचे नियम केले. एका माशामागे एकच होडी, एका होडीतून सहाच पोहणारे, हात लावायचा नाही, प्राणवायूची टाकी लावून पाण्याखाली जायचं नाही. गावातल्याच मच्छीमारांना वाटाडे म्हणून शिकवलं. खायला मात्र काहीही घालायचं नाही. मासा आपणहून येतो, प्लवकासाठी, साधारण नोव्हेंबर ते जून. आला तर दिसला, नाही आला तर नाही. २००४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने दोन्सोलला आशियातला प्राण्यांना भेटण्याचा सर्वोत्तम अनुभव म्हटलं. २०१० साली निघालेल्या शंभर पेसोच्या नव्या नोटेवर मायोन ज्वालामुखीच्या शेजारी बुतांदिंग छापला गेला. टोफूचा मासा बारा वर्षांत नोटेवर गेला.

इथे भारताचा एक धागा आहे. नेमक्या त्याच वर्षांत गुजरातच्या वेरावळकडे व्हेल शार्कची शिकार जोरात होती, आणि तिथलं मांसही तैवानलाच जात होतं. मच्छीमार त्याला ‘बॅरल’ म्हणायचे, कारण दमवण्यासाठी त्याला पिंपं बांधत. माइक पांडे यांच्या माहितीपटाने ती गोष्ट बाहेर आणली, आणि २००१ साली व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. तिथवर पोचलेला तो पहिला मासा. २००० साली नैरोबीत आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालायचा अमेरिकेचा प्रस्ताव फसला होता. २००२ साली चिलीत सान्तियागोच्या परिषदेत भारत आणि फिलिपिन्स यांनी पुढाकार घेतला आणि तो मंजूर झाला. तैवाननेही २००८ साली पकडणं थांबवलं. दोन गरीब किनाऱ्यांचे देश एकत्र येऊन एखाद्या माशाची बाजू मांडतात, असं फार वेळा घडत नाही.

बंदीची किंमत कुणी दिली, हेही सांगायला हवं. पामिलाकानच्या शिकाऱ्याला कायद्याने एका आदेशात बेरोजगार केलं. त्यातले काही पुढे देवमासे आणि डॉल्फिन दाखवायच्या होड्यांवर वाटाडे झाले, ज्या डोळ्यांनी शिकार शोधायचे त्याच डोळ्यांनी पर्यटकांना मासा दाखवू लागले. पण सगळे नाही. बोहोलच्या हागना गावात मांटाच्या भाऊबंदांची, म्हणजे इतर जातींच्या मोबुलांची मासेमारी २०१७पर्यंत चालू होती, कारण १९९८च्या आदेशात त्यांचं नावच नव्हतं.

आणि आता आपण परत तान-अवानला येतो. २०११चा सप्टेंबर. तान-अवानचे मच्छीमार उयाप धरायचे आणि वापरायचे. उयाप म्हणजे आपल्या जवळ्याच्याच कुळातली बारीक कोळंबी. व्हेल शार्कलाही ती प्रिय. मासा होडीजवळ यायचा, कामात अडथळा व्हायचा. एका मच्छीमाराने उयाप टाकत टाकत त्याला बाजूला न्यायला सुरुवात केली, आणि मासा मागे मागे येतो हे लक्षात आलं, असं सांगितलं जातं. किनाऱ्यावरच्या पर्यटकांनी ते पाहिलं. काही महिन्यांत रांगा लागल्या. २०१२ साली नगरपालिकेने ठराव करून व्यवस्था बसवली. सकाळपासून दुपारपर्यंत. अर्धा अर्धा तास. मच्छीमारांची संघटना वल्ह्याच्या होड्या चालवणार, खाऊ घालणार, पहारा ठेवणार. तिकिटाच्या पैशातले साठ टक्के संघटनेला, तीस टक्के नगरपालिकेला, दहा टक्के बारांगायला.

साठ टक्के! पर्यटनाचा इतिहास थोडाफार वाचलेल्या माणसाला हा आकडा थांबवतो. अशा ठिकाणी पैसा साधारण हॉटेलवाल्याकडे, टूर कंपनीकडे, राजधानीकडे जातो. इथे तो होडी वल्हवणाऱ्याकडे गेला, कारण १९९१च्या कायद्याने तो निर्णय गावाच्या हातात होता. पहिल्या पाच वर्षांत सात लाखांहून अधिक लोकांनी तिकिटं काढली. मच्छीमारांची मुलं कॉलेजात गेली, घरं पक्की झाली. आणि ज्याच्याकडे सुमिलोनचं अपयश मनात ठेवून बघावं अशी एक गोष्ट घडली. अभ्यासकांशी बोलताना मच्छीमारांनी सांगितलं की आता आम्ही रोजची मासेमारी कमी करतो, आणि गावाने या पैशातून आपल्या समुद्रातल्या राखीव क्षेत्रांचा पहारा चालवला. १९८४ साली ज्या नगरपालिकेने पहारा उठवला, तिनेच तीस वर्षांनी पहाऱ्याचा पगार दिला.

मग अडचण कुठे आहे? माशात आहे. तान-अवानला येणाऱ्या प्रत्येक व्हेल शार्कचे फोटो काढून एक संशोधक गट नोंदी ठेवतो. या माशाच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. ते ओळखायला जी गणिती पद्धत वापरतात ती मुळात खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातले तारे जुळवायला शोधली होती, हे जाता जाता. तर या नोंदींमधून दिसलं ते असं. येणारे बहुतेक मासे तरुण नर आहेत, अजून वयात न आलेले. जंगली व्हेल शार्क एका ठिकाणी थोडा काळ थांबून पुढे जातो, इथले काही मासे महिनेच्या महिने मुक्काम ठोकतात. सकाळी माशाला होडी दिसली की तो होडीकडे येतो, कारण होडी म्हणजे अन्न. आता समुद्रात सगळ्याच होड्या वल्ह्याच्या नसतात. पहिल्या दोन वर्षांत ओळखलेल्या मासळीतल्या जवळजवळ निम्म्यांच्या अंगावर पंख्याच्या पात्यांचे व्रण होते. शिवाय गर्दीत अंतराचे नियम पाळले जातात का, याची पाहणी झाली तेव्हा बहुसंख्य वेळा ते मोडलेले आढळले. समोरच्या प्रवाळावरही एवढ्या माणसांचा भार पडतोच.

दोन्सोलचे लोक याकडे कडवटपणे बघतात, आणि ते समजण्यासारखं आहे. २०१०नंतरच्या काही हंगामांत दोन्सोलला मासे कमी दिसले, आणि ओस्लोबला रोज हमखास. मनिलाहून निघालेला पर्यटक हमखासकडेच जाणार. नियम पाळणाऱ्या गावाचं गिऱ्हाईक नियम वाकवणाऱ्या गावाने नेलं, असं त्यांना वाटतं.

माझं मत विचाराल तर खाऊ घालणं मला पटत नाही. रानातल्या प्राण्याला माणसाच्या हाताची सवय लावली की तिचं बिल शेवटी प्राणीच भरतो, हे आपण माकडांच्या बाबतीत रोज बघतो. पण ‘बंद करा’ असं मनिलात किंवा परदेशात बसून म्हणणारे लोक ते साठ टक्के कुठून भरून देणार, याचं उत्तर देत नाहीत. १९९८ साली पामिलाकानच्या शिकाऱ्याला कुणी दिलं नव्हतं. तान-अवानच्या माणसाला तो इतिहास ठाऊक आहे. त्याचे शेजारी आहेत ते. अर्ध्या दिवसाचं खाऊ घालणं कमी करा, माणसांची संख्या बांधा, ज्या माशाला व्रण आहेत त्याला दूर ठेवा, अशा वाटाघाटी चालू राहतात, आणि त्या नगरपालिकेच्या सभागृहात चालतात. सुमिलोनच्या वेळी तिथे विद्यापीठ एका बाजूला आणि मच्छीमार दुसऱ्या बाजूला होते. आता मच्छीमारांची संघटना स्वतः टेबलाशी बसलेली असते.

एक शेवटची नोंद सांगतो आणि थांबतो. ठिपक्यांवरून ओळखलेले ओस्लोबचे काही मासे बोहोल समुद्राच्या पूर्वेला, दक्षिण लेयते प्रांतातही दिसले आहेत. तिथल्या पिंतुयान नगरपालिकेसमोर लोक व्हेल शार्क दाखवतात, पण खाऊ घालत नाहीत. ओस्लोबच्या पंधरा किलोमीटरमध्ये होडी म्हणजे जवळा हे शिकलेला मासा पोहत पोहत दुसऱ्या गावाच्या पंधरा किलोमीटरमध्ये जातो, आणि तिथेही होडी दिसते.

आपल्याकडे वीस मिनिटं आहेत. प्रश्न घेऊया.